घट

फॉर्म आठ पानांचा आहे.
पाचव्या पानावर मी चार दिवस अडकलेय.

नाव लिहून झालं : त्रिशला नेमगोंडा शेंडुरे.
गाव हुपरी, तालुका हातकणंगले,
धंदा पैंजणाचा.
शिक्षण विचारलं तिथं दहावी लिहिलं.
टाकणखार किती पातळ कालवायचा
हे लिहायला जागाच ठेवलेली नाही.

कोल्हापुरात, स्टेशन रोडला, कुडचेंच्या ऑफिसात
तेजपाल नावाचा पोरगा कॉम्प्युटरमागून म्हणाला,
"काकी, स्वतःचं भांडवल किती?"
एक मूस, म्हटलं. दोन चिमटे, ब्लोअर,
सासऱ्यांची तार ओढायची जंत्री,
भोकं झिजलीत, तार जरा जाडच निघते.
त्यानं टाइप केलं : यंत्रसामग्री, रुपये अकरा हजार.
डोळ्यांचं काही टाइप केलं नाही.

कच्चा माल चांदी. दर सांगा म्हणाला.
सकाळचा सांगू का आत्ताचा?
एसटी पट्टणकोडोलीला पोचेतो
किलोमागं नऊशे चढले होते.
पेन्सिलीनं लिही, म्हटलं.
तो हसला.

स्पर्धक कोण?
राजकोटची मशीन.
आणि खरं सांगायचं तर जाऊबाई,
एका भिंतीपलीकडं तिचा ब्लोअर फुरफुरला
की माझा हात आपोआप भरभर चालतो.
हे नको लिहू.

मग पान पाच. प्रक्रियेतील घट, टक्के.

एकोणीस वर्षं शेठजींची चांदी
वजन करून घेतली, वजन करून दिली.
ठरल्यापेक्षा गुंजभर जास्त घटली
तर मजुरीतनं कापून.
कुठं जाते ती?
कानशीच्या दातात, राखेत, उंबऱ्याच्या फटीत,
पोराच्या चड्डीच्या शिवणीत,
एकदा तर भाकरीच्या पिठात चमकली होती.
म्हणून मी केर टाकत नाही. डब्यात भरते.
चैत्रात झारेकरी येतो, केर धुतो, आटवतो,
आणि हातावर ठेवतो
ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा मणी.
सगळी घट घट नसते,
एवढं तेजपालला समजावता आलं.

त्याच्याच खालची ओळ :
मालकाचा पगार, शून्य.

"घरचंच माणूस ना काकी. नफा बरा दिसतो."

पंखा फिरत होता.
मी म्हटलं, एक हिशोब कर.
दिवसाला सहाशे डाग. वर्षाला तीनशे दिवस धर,
बाकीचे सण, आजारपण, बाळंतपण.
गुणिले एकोणीस.

त्यानं बोटं चालवली आणि ताठ बसला.
"चौतीस लाख वीस हजार!
काकी, एवढं भांडवल आहे
तर आधी का नाही सांगितलंत?"

रुपये नव्हेत रे बाळा.
डाग. कडीला कडी जोडायला दिलेले.
अंगावर घालायचा असा
माझा स्वतःचा डाग एकही नाही.

तो काही बोलला नाही.
शून्य खोडून दिलं, प्रिंट काढून दिली,
म्हणाला, आकडा तुम्हीच घाला, विचार करून.

चार दिवस विचार केला.
हजार लिहिले, लाज वाटली.
पंधरा लिहिले, भीती वाटली.
आज रात्री नऊ हजार लिहिलेत,
नफा तिसऱ्या वर्षावर गेलाय.

भिंतीपलीकडून जाऊबाई :
"भरलास का गं फॉर्म?"
भरतेय.
"पगार लावलास म्हणं. किती?"
सांगितला.

तिचा ब्लोअर बंद झाला.
मांजर पत्र्यावरून पलीकडं गेलं.
बऱ्याच वेळानं, हळू आवाजात,
"माझा बी लाव की."

नफ्याची ओळ पुन्हा खोडायला हवी.
खोडरबर पोरानं दप्तरात नेलंय.